योग्य वाटेल ते

माझी धाकटी बहीण शिकाऊ डॉक्टर आहे. दिवसभर वॉर्डात राबते आणि उरलेल्या वेळात दवाखान्यांसाठी रुग्णांना द्यायची पत्रकं लिहिते. प्लास्टर घातल्यावर काय करायचं, टाके ओले झाले तर काय करायचं. लिहिते झकास. पैशांचं विचारलं की मात्र तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." लोकांना काय, कमीच योग्य वाटतं!

मी पार्लर चालवते. माझं गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी दर ऐकतं. त्यामुळे हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकंच फिरायचं. दर कमी म्हणून ही ढीगभर कामं घ्यायची आणि ती संपवायला जागरणं करायची. गेल्या महिन्यात राउंडला उभ्या उभ्या पेंगली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुन्हा डुलकी दिसली तर हे बाहेरचं काम बंद." घरी येऊन रडली बिचारी. पत्रकं लिहायला तिला मनापासून आवडतं. मलाही वाईट वाटलं, पण जीभ गप्प बसेल तर ना. "भोग आता भिडस्तपणाची फळं," म्हणाले.

ती लिहिते कशी, तेही सांगायला हवं. कागद आधी बाबांच्या हातात देते. बाबा निवृत्त बसचालक. ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचतात आणि अडलं की थांबतात. "प्लास्टर कोरडं ठेवा, ठीक. मग आंघोळ कशी करायची?" लगेच प्लॅस्टिकची पिशवी बांधायची सूचना आत जाते. नंतर एक अनुभवी डॉक्टर फी घेऊन सगळं तपासून देतात.

परवा एका दवाखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. त्यांना बरीच पत्रकं हवी होती. मी शेजारी बसून "दुप्पट सांग" अशा खुणा करत होते. तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि स्वतःचा आकडा सांगितला. दुप्पट नव्हता, पण नीट हिशेबाचा होता.

"शिकाऊ मुलीला एवढे?" फोन स्पीकरवर होता.

"शिकाऊ आहे म्हणूनच, मॅडम. मी तपासून घेते, त्याचे पैसे यात आहेत. लिहिण्याचे आहेत, वाचून बघणाऱ्याचेही आहेत."

"मग असं करू. खाली 'तज्ज्ञ डॉक्टर' छापू. म्हणजे एवढा दर द्यायला आमची हरकत नाही."

"नको. शिकाऊ असंच छापा. दर तोच राहील."

मी कपाळावर हात मारला. गेलं काम!

"बरं," बाई म्हणाल्या. "आधी दोन करून द्या."

तिने फोन ठेवला. मला तिचा इतका अभिमान वाटला की दुप्पटीचं मी विसरूनच गेले.

"बाबा, वाचणारे तुम्ही," ती म्हणाली. "तुमची फी सांगा."

बाबा चष्मा पुसत पुटपुटले, "मला काय कळतंय त्यातलं? तुला योग्य वाटेल ते दे."

"बाबा!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

बाबांनी चष्मा चढवला, घसा खाकरला. "मग ऐक. रविवारी पेन हातात धरायचं नाही. झोपायचं."

"अर्धा रविवार."

"एकच भाव," बाबा म्हणाले.

त्या रविवारी त्यांनी मला मिक्सरसुद्धा लावू दिला नाही.