आबांच्या चहावर घेतलेला आळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, बहिणीला नाही. देवाला सांगायची गरजच नव्हती — तो समोरच होता.

आधी एक सांगते. मी व्यवस्थित बाई आहे. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात कोणत्या डब्यावर कोणती चिठ्ठी, गॅसचा नंबर कधी लावायचा, सगळं माझ्याकडे. अशा बाईच्या हातून असं व्हावं?

आमचे पूर्वज फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेले, म्हणून खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. आता पाटावर एका गंजक्या तलवारीशेजारी विळी, ह्यांचं ड्रिल मशीन आणि सासऱ्यांचा — आबांचा — जुना लॅपटॉप. त्याची बॅटरी केव्हाच गेलेली, म्हणून तो कायम प्लगला जोडलेला. पूजेआधी वायरी काढायच्या, हा नियम कुणाचा? माझाच. तरी विसरले. वर तो उघडाही ठेवला — मिटलेल्या झाकणाला कुंकू वाहायचं म्हणजे पेटीची पूजा झाली ना? हळदकुंकू वाहिलं आणि फुलाने पाणी शिंपडलं. कीबोर्डवर.

फुस्स झालं. बारीक धूर निघाला, तो उदबत्तीच्या धुरात मिसळला. जळका वास धुपात लपला. मी काय केलं? प्लग काढला, झाकण मिटलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

पूजेतल्या वस्तू त्या दिवशी वापरत नाहीत. त्यामुळे लॅपटॉप मेलाय हे आबांना दसऱ्याला कळलं.

पडाव भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात मीच घेऊन गेले. दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली बोर्ड धरला, मीटर लावून एकेक तुकडा तपासला, चार्जिंगच्या जागेजवळचे जळून काळे पडलेले तुकडे मला दाखवले आणि म्हणाला, “मैडम, कुछ गिरा है इसमें. चाय-वाय पीते हैं क्या पास में?”

चहा! बघा, मी तर तोंडही उघडलं नव्हतं. आबा रोज संध्याकाळी साताऱ्याच्या भावाशी लॅपटॉपवर बुद्धिबळ खेळत, आणि शेजारी कप असे. मी म्हटलं, “हाँ, पापाजी पीते हैं.” मग बोर्डवरची लाल पूड बघून हा जंग, म्हणजे गंज आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, जंगच. पिवळ्याचं त्याने विचारलं नाही, देव पावला.

लॅपटॉप सुरू झाला. चहा सांडला होता असं मी घरी सांगितलं आणि आबांचा टेबलावरचा चहा बंद झाला. ते भांडतील असं वाटलं होतं — भांडले असते तर बरं झालं असतं. उलट त्यांनी माझी माफी मागितली. कधी सांडला ते कळलंच नाही म्हणाले. आणि मी? “वय झालं की होतं, आबा.”

तेव्हापासून ते जानेवारीच्या धुक्यातही कानटोपी घालून व्हरांड्यात उभ्याने चहा पितात. तिकडे त्यांचे भाऊ वजीर हलवून वाट बघत बसतात.

गेल्या महिन्यात नणंदेने त्यांच्यासाठी नवा लॅपटॉप आणला. आबांनी हातही लावला नाही. “सुनंदाच्या कपाटात ठेव,” माझं नाव घेत ते तिला म्हणाले. “खेळायच्या वेळी ती काढून देईल. माझ्या हाताचा आता भरवसा नाही.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उचलला, कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.