दाजींचा लोखंडी पाइप

आमचे दाजी सर्जेराव वाळूजच्या कारखान्यात फोरमन होते. नोकरी सुटली, फोरमनकी काही सुटली नाय. बजाजनगरात घर बांधलं तेव्हा वायरिंगवाल्यानं बिचाऱ्यानं साधं विचारलं, "प्लास्टिकच्या कव्हरची केबल टाकू का?" झालं! दाजींचा पारा चढला.

"प्लास्टिक? उंदरं कुरतडतेत! आमच्या कारखान्याच्या शॉपमधी सगळी वायर लोखंडी पाइपातून. इथंबी तसंच पायजे, भिंतीवरून, दिसंल असं!"

दिसलं की! घर कमी आन् कारखाना जास्त. पाव्हणा आला की दाजी आधी पाइप दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

वायरिंगवाला म्हणला होता, "पाइप बेष्ट, पण अर्थिंग जोडावंच लागतं. आत वायर सोलली तर सगळ्या पाइपात करंट येतो. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घ्यावा लागंल." पण अंगणात दाजींनी नवी चकचकीत फरशी बसवलेली.

"फरशी फोडायची? हट्! लोखंडाला काय धाड भरलीय?"

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, द्वारकाअक्का. तिला ती भिंतीवरची आडवी दांडी आयतीच मिळाली. ओले कपडे सगळे तिथंच. मी म्हणलं, "दाजी, अर्थिंग करा. अक्काला करंट लागंल."

"पाव्हणं, तुम्ही बँकेत बसता. तुम्हाला काय कळतं?"

घ्या! बँकेत बसणाऱ्याला जणू बहीणच नसती.

गेल्या आठवड्यात पाइपाच्या धारदार तोंडाशी वायर सोलली. अक्का ओली चादर टाकायला गेली आन् चिकटली. शेजारच्या अंबिकावहिनींनी पळत येऊन मेन स्विच पाडला म्हणून वाचली. मी पोचलो तर ती पलंगावर थरथरत बसलेली, तळहात भाजलेला. आन् दाजी? स्टुलावर चढून पाइप तपासत होते.

"बघा पाव्हणं, पाइपाला ओरखडाबी नाय!"

माझं टाळकं सटकलं. "वा दाजी! दृष्ट काढा त्याची!"

अक्का हात पदरात धरून उठली, अंगणात जाऊन फरशीवर उभी राहिली. "पुंडलिक, टिकाव आण."

मी आणला. दाजी हळूच म्हणले, "जरा कडंनं फोडलं तर?"

"फरशी बाजारात परत मिळंल," अक्का म्हणली. "मी मिळंन का?" मग माझ्याकडं वळली. "टिकाव यांच्या हातात दे."

दाजींनी फोडली. मधोमध.