मरळवाली बाई

मला दवाखान्यात नेलं ते एका मासेवालीनं. तिचं नाव विचारायचंच राहिलं.

छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि शेक, म्हणजे रेडिएशन, आटोपून मी मूल गावच्या राइस मिलमध्ये परत कामाला लागले होते. घर लांब, धानोऱ्याकडे. दम लागायचा, पण रोग परतला म्हणतील या भीतीनं कोणाला सांगितलं नाही. एकदा चंद्रपूरला जाणाऱ्या बसमध्ये त्या मासेवालीच्या बादलीतून जिवंत मरळ उसळली. लोक पाय वर घेऊन ओरडले. मी हसले आणि श्वासच पुरेना. मासा तसाच सोडून ती माझ्याजवळ आली, ओल्या हातानं पाठ चोळू लागली.

"काऊन लपवून राह्यली वं? मरळ पाण्यात राहून हवा घ्याले वर येते, तिले लाज नाई वाटत!"

चंद्रपूरला उतरल्यावर मला धरून, बादलीसकट ती दवाखान्यात शिरली. शिपाई ओरडला, "बाई, मासे इथी कायले?"

"ह्याईलेबी दम लागून राह्यला!"

अख्खी रांग हसत बाजूला झाली. छातीचा फोटो काढून डॉक्टर म्हणाले, रोग परतला नाही. शेकामुळे फुप्फुसाला सूज आली आहे, औषधानं उतरेल. माझ्याआधी तिनंच टाळी वाजवली.

ती मूलच्या बाजारात मासे विकायला बसते. श्वास पुरू लागला की एक दिवस तिथं तिच्या शेजारी बसून तिचे मासे मीच ओरडून विकीन.