खबरीत न लिहिलेली भाकर

पोलीस स्टेशनात मला सगळे ‘कवी’ म्हणायचे. जन्मात मी कवितेची एक ओळ लिहिलेली नाही. पण जो लिहितो तो कवी, असं आमच्या खात्याने ठरवून टाकलं होतं आणि त्यावर अपील नव्हतं. मी कथा लिहायचो, सकाळी परेडला जाण्याआधी तासभर. बायको वाचायची आणि म्हणायची, “तुमच्या गोष्टीतली माणसं बोलत नाहीत हो, जबाब देतात.” मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

मी मूळचा जळगावजवळच्या असोद्याचा. फौजदार म्हणून साक्रीला आलो तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. तिथली अहिराणी आमच्याकडच्या बोलीपेक्षा वेगळी, पहिले काही महिने मला निम्मीच कळायची. त्याच दिवसांत एका गावी विहीर बांधताना एक शेतकरी पाय घसरून पडला आणि जागीच गेला. खबर देणारी त्याची बायको. पन्नाशीची असेल. बांधावर बसून ती सांगत होती आणि मी गुडघ्यावर पॅड ठेवून लिहीत होतो.

सांगता सांगता ती म्हणाली की सकाळी दोघांचं भांडण झालं. कशावरून, तर भाजीत मीठ जास्त पडलं यावरून. रागाच्या भरात तिने भाकर बांधून दिली नाही आणि तो तसाच उपाशी कामावर गेला. “चक्कर उनी व्हई तेस्ले,” ती म्हणाली. “पोटमा काही नव्हतं.”

मी ते लिहिलं नाही. भांडण असा शब्द खबरीत आला की वरून विचारणा होते: जीव तर दिला नाही ना? मग त्या बाईला धुळ्याच्या खेपा. तेव्हा ‘कोणावर संशय नाही’ एवढं लिहून मोकळा झालो. खाली ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’ अशी ठरलेली ओळ लिहिली आणि तिचा अंगठा घेतला. खरं म्हणजे वाचून काहीच दाखवलं नव्हतं. प्रेत दिवसाउजेडी साक्रीला पोचवायचं होतं आणि आम्ही सगळेच घाईत होतो.

पण ती भाकर माझ्या डोक्यातून जाईना. पुढे मी त्यावर कथा लिहिली. जळगावात पुस्तक छापलं गेलं, त्यात तीच कथा सगळ्यांना आवडली. शाल मिळाली, नारळ मिळाला. नारळाची बायकोने बर्फी केली आणि म्हणाली, “ही बाई मात्र खरी बोलते.” मी फुशारलो. जिची गोष्ट होती तिची आठवण त्या दिवशी मला आली नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

दहा वर्षांनी इन्स्पेक्टर होऊन पुन्हा साक्रीलाच आलो. एका बाजाराच्या दिवशी शिपाई एका म्हातारीला दारातूनच परतवून लावत होता. मी तिला आत बोलावलं. मी ओळखलं नाही. तिने मात्र आवाजावरून मला बरोबर ओळखलं. गावाचं नाव सांगितलं, विहीर सांगितली.

“भाऊ, मनं काय व्हयनं?” तिने विचारलं.

“कशाचं अक्का?”

“ती भाकरनं. मी सांगं, तू लिखी लिन्हं, अंगठा बी लिन्हा. इतला वरीस वाट देखी ऱ्हायनू. सरकारनं बलावनं उनं नही.”

हळूहळू माझ्या लक्षात आलं. आपला गुन्हा सरकारदरबारी लिहिला गेला आहे, शिक्षा कधीतरी येणार, असं धरून ही बाई दहा वर्षं बसली होती. सुरतेला दिलेली तिची मुलगी राहायला ये म्हणून मागे लागायची. ही जायची नाही. बोलावणं आलं आणि घराला कुलूप दिसलं तर पळून गेली म्हणतील! आता डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, म्हणून परवानगी विचारायला आली होती.

मी म्हणालो, “अक्का, तुमच्यावर काही नाही. मी ते लिहिलंच नव्हतं. खुशाल जा.”

मला वाटलं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. तिने माझ्या आवाजाकडे तोंड फिरवलं.

“मंग मी कोनले सांगं?”

तेव्हा बांधावर तिने सांगितलं, ते मग कोणाला? मी कपाटातून माझं पुस्तक काढलं. “इथे लिहिलंय,” म्हणालो आणि शिपायाला दार लोटून घ्यायला सांगितलं. मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. मिठाशी आल्यावर तिने मान हलवली. ज्वारीची भाकर म्हणताच मला थांबवलं. “बाजरीनी.” मी पेन काढून तिच्यासमोर दुरुस्ती केली. असोद्याचा माणूस, माझ्या हातून ज्वारीच लिहिली जाणार.

शेवट जवळ आला तसा मी अडखळायला लागलो. कारण शेवट मी बदलला होता. माझ्या कथेतली बायको भाकर फडक्यात बांधून नवऱ्यामागे धावते, बांधावर त्याला गाठते, तो बसून खातो, मग विहिरीकडे जातो. खरं होतं ते लिहायला तेव्हा माझा हातच धजला नव्हता.

वाचून संपलं. ती म्हणाली, “मी काही मांगे पयत गयथू नही, भाऊ.”

“माहीत आहे अक्का. चुकलं माझं. खोडतो.” मी पेन उघडलं.

तिने चाचपडत माझा हात धरला.

“ऱ्हाऊ दे. पुस्तकमा तरी तेस्ले भाकर पोचू दे.”

दुसऱ्या दिवशी नवापूरकडून सुरतेला जाणाऱ्या गाडीत मी तिला स्वतः बसवून दिलं.