शाही स्वागत

आमच्या शेजारचे काका लग्नात माइकवरून पाहुण्यांचं स्वागत करतात. घरीसुद्धा प्रत्येक गोष्टीला ‘शाही’ लावतात. “ताई, शाही ऊन पडलंय बगा! शाही पिठलं केलंय, येता का?” मी नुसती हसते. इंग्रजी शाळेतली मी, मला साधं बोलतानाही संकोच वाटतो.

परवा भोरला माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं. माइकवर काकाच होते. मुहूर्त आला, तरी तिला मांडवात आणणारे तिचे मामा पोचले नव्हते. हिर्डोशीच्या वरच्या वाडीतून चालत उतरेपर्यंत त्यांची एसटी चुकली होती.

“मामा आल्याबिगर म्या उठनार न्हाई,” मैत्रीण खोलीत रडत म्हणाली.

“काका, आवरा आता! मंगलाष्टका घ्या,” नवऱ्याकडचे ओरडले.

काकांनी माइक आणखी घट्ट धरला. “सारोळ्याचे शाही पाहुणे! कामथडीचे शाही व्याही! शाही आचारी! शाही वाजंत्री!” मग चक्क माझं नाव आलं. सगळा मांडव वळला. मी उभी राहून सावकाश चारही दिशांना हात जोडले. तेवढीच अर्ध्या मिनिटाची भर!

इतक्यात मांडवाच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि खांद्यावर घोंगडी टाकलेले मामा उतरले. त्यांना बोलवायला काकांनी तोंड उघडलं, तर इतका वेळ ओरडून बसलेला आवाजच फुटेना. मामा मात्र केव्हाच नवरीच्या खोलीकडे धावत सुटले होते.