चोचाचा दुतोंड्या

नॉर्बर्ट पावलाक बर्फ काढायला गेला आणि लेकीचं लग्न मोडून आला, असं गावात सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मोडली होती ती पोलिश चर्चच्या हॉलबाहेरची पितळी जोडणी. पण त्या बुधवारी सकाळी नॉर्बर्टला दोहोंत फारसा फरक वाटत नव्हता.

झालं असं, की आदल्या संध्याकाळपासून सरोवरावरून बर्फ येत होता आणि शनिवारी त्याच हॉलमध्ये क्लॅराच्या लग्नाची मेजवानी होती. बापाचा उत्साह उतू चाललेला. त्याने आपल्या ट्रकला पुढे फाळ लावला आणि अंगणातला सगळा बर्फ एका दमात भिंतीकडे लोटला. ‘ठण्ण’ असा आवाज झाला. नेमका तिथेच, बर्फाखाली, दुतोंड्या होता.

दुतोंड्या म्हणजे भिंतीतून बाहेर डोकावणारी दोन तोंडांची पितळी नळी. आग लागली की बंबवाले आपले पाइप तिला जोडतात आणि बंबातलं पाणी आत रेटतात, म्हणजे छताच्या फवाऱ्यांना जोर येतो. एवढं नॉर्बर्टला कुठून ठाऊक असणार? आता कारंजं उडणार म्हणून तो डोक्यावर हात घेऊन उकिडवा बसला. बराच वेळ बसला. थेंबही आला नाही, तेव्हा तो आणखीच घाबरला आणि त्याने स्वतःच अग्निशमन केंद्राला फोन केला, “अहो, आपल्या हॉलच्या नळात पाणीच नाहीये!”

तपासनीस हाल्व्हर्सन आले. उंच, शांत माणूस. वाकून बघून म्हणाले, “पावलाक, ही पाणी देत नाही, पिते. आत पाणी असतं तर या थंडीत कधीच फुटली असती. कोरडी आहे तेच ठीक आहे. बाकी तुम्ही तिचा जबडा मोडलात.”

“मग?”

“मग काय! दुरुस्त होईस्तोवर हॉल बंद.”

“अहो, शनिवारी लग्न...”

“माहितीये. मलाही आमंत्रण आहे.”

नवी जोडणी मागवायला तीन आठवडे लागणार होते. कारण आमच्या गावचे आटे वेगळे. पूर्वी गावोगावी पाइपांचे आटे निरनिराळे असत. बाकीच्यांनी पुढे शहाणपणा केला, आम्ही केला नाही. शेजारच्या गावचा पाइप आपल्याला बसत नाही, हे आमचे लोक अजूनही छाती फुगवून सांगतात. ते आटे पाडणारा इथला पितळेचा कारखाना मात्र कधीच बंद झाला.

क्लॅरा शहाणी मुलगी. “बाबा, आपण गॅरेजमध्ये करू या ना,” म्हणाली. ते ऐकून नॉर्बर्ट आणखीच खचला. याच हॉलच्या लाकडी जमिनीवर तो क्लॅराच्या आईबरोबर नाचला होता. ती आता नव्हती. क्लॅराला दुसरं काहीच नको होतं, त्याच जमिनीवर बाबांबरोबर एक पोल्का नाचायचा होता.

तेव्हा तो चोचाकडे गेला. चोचा म्हणजे पोलिश भाषेत मावशी. जेनव्हीव्ह कुबियाक ही सगळ्या गावाची चोचा. पाठीत वाकलेली, जिभेने सरळ. पत्त्यात उघड लबाडी करायची आणि पकडली की समोरच्यालाच दटावायची. उभी हयात तिने त्या कारखान्यात काढली. दुतोंड्याच्या प्रत्येक तोंडाला एक फिरतं कडं असतं; ते बोटाच्या टिचकीने गरगरलं पाहिजे, नाहीतर घाईच्या वेळी पाइप बसत नाही. ते फिरवून बघणं हे तिचं काम. लग्न केलं नाही. तीन स्थळं आली होती म्हणे. “एकही सहज फिरत नव्हता,” म्हणून तिने परत पाठवली.

कारखाना गेला, टिचकी गेली नाही. देवळात शिरताना आपण घंटेला हात लावतो तशी चोचा बाजारात जाता-येता प्रत्येक भिंतीवरचं कडं फिरवून पुढे जायची. टोपण नसेल तिथे आत कोंबलेले बिअरचे डबे काढायची. एकदा कवळी निघाली. ती तिने धुऊन रविवारी चर्चच्या दारात उभं राहून जाहीरपणे मालकाच्या हातात दिली. मालक त्यानंतर कितीतरी दिवस उशिराच्या प्रार्थनेला यायचा.

“फाळाने?” नॉर्बर्टचं सगळं ऐकून तिने विचारलं.

“हो, चोचा.”

“तुझा बाप गाढव होता, पण बर्फ नीट लोटायचा. चल बाहेर.”

तिच्या पायरीशेजारी, खांबाला पक्का बसवलेला एक दुतोंड्या होता. कारखान्याने निरोप देताना बाकीच्यांना घड्याळं दिली. हिने तिथला शेवटचा तयार झालेला दुतोंड्या मागून घेतला होता. उन्हाळ्यात त्याच्या एका तोंडात फुलं असायची, दुसऱ्यात चिमण्या. हिवाळ्यात पोरं त्यावर ओले हातमोजे वाळत घालायची. चोचाने ते मोजे काढले, कड्याला टिचकी दिली. ते गरगर फिरलं.

“चोचा, हा तुमचा... हा कसा घेऊ?”

“पाना आणून घे. दातांनी निघणार नाही.”

गुरुवारी फिटरने तो हॉलच्या भिंतीत बसवला. शुक्रवारी हाल्व्हर्सनसाहेब बंब घेऊन आले. पाइप जोडले, दाब चढवला. आत नॉर्बर्ट छताकडे बघत मनातल्या मनात जपमाळ ओढत होता. बाहेर चोचा खुर्ची टाकून, मांडीवर घोंगडी घेऊन बसलेली. एकही सांधा पाझरला नाही.

“जुना माल आहे,” हाल्व्हर्सन म्हणाले.

“मीही आहे. कर बघू फॉर्मवर सही,” चोचा म्हणाली.

शनिवारी अर्धं गाव हॉलमध्ये होतं. पिएरोगींचे, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचे, ढीग आले आणि गेले. अकॉर्डियन सुरू झालं, आणि क्लॅरा बाबांना ओढत जमिनीच्या मध्यावर घेऊन गेली. नॉर्बर्टने तिचा पाय दोनदा तुडवला. तिची आई असती तर मोजून सांगितलं असतं. पण पोल्का पुरा झाला.

घाम पुसत तो कोपऱ्यात चोचाकडे आला. ती कुणाला तरी पत्त्यात लुबाडत होती. त्याचे डोळे भरून आले होते. “चोचा, तुम्ही माझ्या लेकीसाठी... तुमच्या दाराशी आता नुसता खांब राहिला. मी हे कसं फेडू? सांगा, मी काय करू?”

चोचाने हुकुमाचं पान टाकलं आणि वर न बघता म्हणाली, “बर्फ दुसरीकडे लोट.”