बदल्यांच्या फायलीतलं पप्पांचं पत्र

ज्या माणसाचं नाव निघालं की आमची आई भांडी आपटायची, तो माणूस आज सकाळी गेला.

डॉक्टरसाहेब.

दोन टर्म आमदार होते, पण नाशकात त्यांना आमदार कुणी म्हटलंच नाही.

काय लिहावं खरंच कळत नाहीये. तरी लिहिते.

नव्वदच्या दशकात माझे पप्पा सुरगाण्याकडे एका आदिवासी पाड्यावर शिक्षक होते. आई नाशकात क्लार्क. आम्ही दोघी बहिणी तिच्याजवळ. पप्पा शनिवारी एसटीने यायचे, रविवारी संध्याकाळी परत.

आईचं एकच म्हणणं. बदली करून घ्या.

एकदा ती पप्पांना धरून साहेबांच्या दवाखान्यात घेऊन गेली. मीही होते. पप्पांनी बदलीचा अर्ज दिला. साहेबांनी तो वाचला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

बदली झाली नाही.

आई दरवर्षी विचारायला जायची. दरवर्षी तेच उत्तर.

"ताई, नाही जमलं."

"बाकीच्यांचं बरं जमतं," आई घरी येऊन म्हणायची. "आपण त्यांच्यातले नाही ना. आपल्याला कोण विचारतंय?"

आई सायखेड्याची. चिडली की गावची भाषा तोंडात यायची. "लय मोठा डॉक्टर! एक सही होईना त्याच्याच्यानं!"

पप्पा हे सगळं ऐकत पेपर वाचत बसायचे.

पुढे ते त्याच शाळेवर असताना हार्ट अटॅकने गेले. साहेब भेटायला आले. आई आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. ते दहा मिनिटं बसले, पाणी पिऊन गेले.

मी नंतर एका लायब्ररीत नोकरीला लागले. आणि काही वर्षांनी साहेबांनी त्यांचे सगळे जुने कागद आमच्याच लायब्ररीला दिले.

सलाइनच्या खोक्यांत भरून आले होते. विधानसभेत विचारलेले प्रश्न, लोकांचे अर्ज, निवेदनं. प्रश्नांच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी खोकल्याचं औषध लिहिलेलं.

ते लावायचं काम माझ्याकडे आलं. आईला मी सांगितलंच नाही.

साहेबांचं अक्षर कुणाला लागत नसे. म्हणून ते दुपारी स्वतः येऊन बसायचे, वाचून दाखवायला.

"पेशंट वेगळे आणि मतदार वेगळे असं लावू नकोस बरं का," म्हणायचे. "ती एकच माणसं आहेत."

सगळ्यात जाड फाइल 'बदल्या'. तिच्यात पप्पांचा तो अर्ज सापडला.

त्याला टाचणी लावून एक इनलँड लेटर होतं. पप्पांचंच अक्षर.

"माननीय डॉक्टरसाहेब, मागील आठवड्यात घरच्यांसमोर दिलेला माझा अर्ज कृपया पुढे पाठवू नये. मला येथेच राहायचे आहे. ही गोष्ट आपल्यापुरती ठेवावी."

खाली सही.

मी तीन-चार वेळा वाचलं. मला अर्थच लागेना. मराठी माझीच, अक्षर माझ्या पप्पांचं, आणि अर्थ लागेना.

कोपऱ्यात साहेबांनी काहीतरी खरडलं होतं. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. "हे काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा लावला.

"'ठीक. कुणास सांगू नये.'"

मग माझ्याकडे पाहिलं. "तू गुरुजींची मुलगी?"

"हो. का राहायचं होतं त्यांना तिथे?"

"मी विचारलं नाही."

"का नाही विचारलं?"

"मला वाटलं, तेच सांगतील. नंतर दोनदा बीपी दाखवायला आले. आम्ही बीपीवरच बोललो."

"आणि आई इतक्या वेळा आली तुमच्याकडे, तेव्हा?"

"प्रत्येक वेळी वाटायचं, सांगून टाकावं. पण त्यांनी विश्वासाने लिहिलं होतं गं. माझं बरोबर होतं की चूक, मला आजही ठरवता येत नाही." कागद माझ्या हातात दिला. "हा तुझा. घरी घेऊन जा."

मी नेला नाही. नंबर टाकून फाइलमध्येच ठेवला.

तेव्हापासून डोक्यात तेच. काय होतं तिथे? पप्पांना दुसरं कुणी होतं का? की पोरांचा जीव लागला होता? पप्पा गेले तेव्हा पाड्यावरून जीप भरून माणसं आली होती. आमच्यापेक्षा जास्त रडली.

की त्यांना फक्त आमच्यात राहायचं नव्हतं?



आईला मी काहीच बोलले नाही. आज सकाळी बातमी कळली आणि राहवलं नाही. सगळं सांगितलं.

ती कणीक मळत होती. मळतच राहिली.

"कारण लिहिलंय का?"

"नाही."

मग हात धुतले. साडी बदलली. म्हणाली, "चल. दर्शनाला जाऊ."

द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अर्धा तास अडकली. आई बाहेर बघत होती.

साहेबांच्या हॉलमध्ये खूप गर्दी. पुढारी, पेशंट, सगळेच. आई वाट काढत थेट पुढे गेली. हात जोडले. मला वाटलं, वळेल आता.

ती वळली नाही. नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली,

"डॉक्टर, तुम्ही तरी मला सांगायचं होतं."

आणि मग रडली. पप्पा गेले तेव्हासुद्धा अशी रडली नव्हती.

कुणासाठी रडली, मी विचारलं नाही.

डॉक्टरसाहेब, माझा राग अजून गेलेला नाही. कुणावर आहे तेही माहीत नाही. पण इतकी वर्षं तुम्ही आमचा दोष गप्प अंगावर घेतलात.

आम्हा मायलेकींचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.